लवकर बरे व्हा, सर

नीरा नदीचा पूल अजून यायचा होता, तेवढ्यात माझा फोन वाजायला लागला. एकदा वाजायला लागला तो थांबेचना.

"उचलू नका वहिनी," हेमंत भाऊजी म्हणाले. माझे दीर; पुण्याहून आले होते आणि गाडी तेच चालवत होते. मी मागे बसले होते. काचा उघड्या, दोघांच्याही तोंडाला मास्क. एप्रिलचं ऊन आणि गरम वारा सरळ अंगावर येत होता. दुपारी बारामतीच्या स्मशानात माझ्या नवऱ्याला, सुहासना, अग्नी दिला होता. 'दिला' असं म्हणायचं; नगरपालिकेच्या माणसांनी दिला आणि आम्ही दोघं फाटकाशी उभं राहून पाहिलं.

मी फोन उचलला नाही, पण हातात घेऊन पाहिला. पहिलाच फोटो सुहासचा होता. शिट्टी गळ्यात, डोळे ऊन लागल्यासारखे बारीक केलेले. फोटो काळापांढरा केला होता आणि कोपऱ्यात एक पणती जळत होती. खाली लिहिलं होतं, 'सर, डाव अर्ध्यावर सोडून गेलात.'

"भाऊजी, गाडी बाजूला घ्या," मी म्हणाले.

"उलटी होतेय का?"

"नाही. आत्या."

त्यांनी करकचून ब्रेक मारला. मला अधिक काही सांगावं लागलं नाही.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या तेव्हा फलटणच्या सरकारी दवाखान्यात, ऑक्सिजनच्या वॉर्डात होत्या. वय सत्तरीच्या पुढे. घरात आधी मला कोरोना झाला, तो तापावर भागला. मग आत्यांना आणि सुहासना एकदमच झाला, आणि जागा मिळेल तिथे दाखल करायचं असे ते दिवस होते. म्हणून लेक बारामतीला आणि आई फलटणला. आत्यांच्या हातात फोन होता. आणि आत्या फेसबुकवर होत्या. नुसत्या होत्या असं नव्हे, रोज सकाळी फुलांचा फोटो आणि 'शुभ सकाळ' टाकल्याशिवाय त्यांचा चहा व्हायचा नाही. सुहास खो-खोचे कोच. वीस-बावीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली पोरंपोरी पुण्यामुंबईपर्यंत पसरली होती, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांची 'भोईटे आजी' मैत्रीण होती. म्हणजे पणतीवाला फोटो आज ना उद्या तिथे पोचणारच होता.

भाऊजींनी रस्त्याच्या कडेलाच वॉर्डच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर मुळीक तरुण होते, आवाज बसलेला. ते म्हणाले, "आज सांगू नका. ऑक्सिजन रोज थोडा थोडा खाली आणतोय. आता घाबरल्या, श्वास वाढला, तर मी काही खात्री देत नाही."

"आणि फोन काढून घेतला तर?"

"काढून घेतला तर त्या पहिला प्रश्न काय विचारतील?"

भाऊजींना वाटलं, त्यांचं नेटच बंद करावं. मी म्हटलं, "आत्या शेजारच्या बाईचा फोन घेतील. एव्हाना निम्म्या वॉर्डाचे नंबर असतील त्यांच्याकडे."

मग आम्ही तिथेच, बाभळीच्या अर्ध्या सावलीत, वाटणी केली. पुण्यामुंबईकडची माणसं भाऊजींनी घ्यायची, फलटणची मी. आणि मी पहिला फोन लावला तो रणजित गावडेला. पणतीचा फोटो त्याचाच होता. सुहासचा सगळ्यात लाडका खेळाडू. खेळाच्या कोट्यातून पोलिसात लागला होता, साताऱ्याला असायचा.

फोन उचलला आणि तो हमसून रडायलाच लागला. मी थांबले. मग म्हटलं, "रणजित, तू टाकलेली पोस्ट काढ."

"काय?"

"आत्या दवाखान्यात आहेत. त्यांना माहीत नाही."

त्याने रडणं आवरलं. मग म्हणाला, "मॅडम, त्याच्यावर हजारभर लोकांनी लिहिलंय. पोरं रडतायत तिथं. आमच्यासाठी ती आता सरांची शोकसभाच आहे. मैदानावर जमता येत नाही, खांदा द्यायला येता आलं नाही. आम्ही दुसरं करायचं काय?"

"मला ते कळतं. पण काढ."

"आजींना दिसणार नाही असं करता येतं. सेटिंग असतं तसं."

"तुझी पोस्ट किती जणांनी पुढे पाठवलीय?"

त्याने नाक ओढलं.

"त्या सगळ्यांचं सेटिंग तू करणार आहेस का?"

"मॅडम, ती पोस्ट आता माझी राहिलेलीच नाही," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पण घरी पोचले तोवर पोस्ट गेलेली होती.

सगळ्या पोस्ट इतक्या सहज गेल्या नाहीत. एका मंडळाच्या अध्यक्षांनी मला ऐकवलं, "वहिनी, सर तुमचे होते तसे गावाचेही होते." शाळेतल्या एका बाईंनी कविता लिहिली होती, त्या म्हणाल्या, काढते, पण आवाज दुखावलेला आला. एका पोराने पोस्ट काढली आणि तिच्या जागी 'काही लोकांना सरांवरचं प्रेम पाहवत नाही' अशी दुसरी टाकली. मी त्यालाही फोन केला. ओशाळला बिचारा. मी घरात आल्यावर अंघोळ केली, चहा केला, तो प्यायचा राहिला, आणि पुन्हा फोन घेऊन बसले. दारावरून माणसं जात होती, पण आत कोणी येणार नव्हतं. शेजारच्या काकूंनी डबा पायरीवर ठेवला आणि लांबूनच हात जोडले. मला वाटतं, त्या दिवशी मी सुहासबद्दल जितक्या वेळा बोलले तितक्या वेळा आयुष्यात कधी बोलले नव्हते. आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य: काढून टाका.

संध्याकाळपर्यंत सुहास फेसबुकवरून पुसले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी कुंकू लावून, केस विंचरून बसले होते.

"सुहासचं काय म्हणत्यात?" नाकावर मास्क, त्यामुळे त्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येई.

"तसंच आहे आत्या. तोंडात नळी आहे. बोलता येत नाही."

"एकदा फोनवर दाखीव की मला."

"आत फोन नेऊ देत नाहीत."

"हितं तर देत्यात."

"ते मोठं हॉस्पिटल आहे ना. नियम फार."

त्यांनी मान हलवली. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "तू काल माझ्या फोटूला अंगठा दिला न्हाईस."

"गडबडीत राहिलं."

"राहू देऊ नगस. मला आपलं वाटतं, घरात काय झालं बिलं का."

मी तिथल्या तिथे त्यांच्या जास्वंदीच्या फोटोला अंगठा दिला. तेवढ्यावरून दुपारी कुठल्याशा ग्रुपवर चर्चा झाली, ती मला माझ्या मावसबहिणीने वाचून दाखवली. नवरा जाऊन एक रात्र झाली आणि बाई शुभ सकाळ म्हणत बसल्या आहेत. कोणी लिहिलं होतं, पोस्ट का काढायला लावल्या, काहीतरी पाणी मुरतंय. कोणी लिहिलं होतं, बाईच्या डोळ्याला पाणी नाही म्हणतात. हे शेवटचं खरं होतं. मावसबहीण म्हणाली, "तू एकदा जाहीर सांगून टाक ना सगळं." मी म्हटलं, जाहीर सांगायची सोय असती तर मग प्रश्नच काय होता.

असे काही दिवस गेले. आत्यांना लावलेला ऑक्सिजन कमी करत होते, म्हणजे चांगलं होत होतं. त्या उठून बसू लागल्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईची वेणी घालू लागल्या. बऱ्या होऊ लागल्या तशा त्या अधिकच धोक्याच्या झाल्या. कारण त्यांचं लक्ष पुन्हा जगाकडे गेलं.

एका सकाळी मी फोन उघडला. आत्यांनी स्वतःच सुहासचा फोटो टाकला होता. शाळेच्या मैदानात, खांबाला पाठ लावून बसलेले सुहास, अंगभर धूळ, हसताहेत. खाली आत्यांनी जमेल तसं टाईप केलं होतं: 'माझा सुहास बारामतीला आय शी यू मदे आहे. सर्वानी देवाला सांगा. तुमचे शब्द त्याला लागतील. कलावती भोईटे.'

मी तो मजकूर दोनतीनदा वाचला. खाली एकही अक्षर नव्हतं. एरवी आत्यांनी जास्वंद टाकली तरी शंभर जण 'सुप्रभात आजी' म्हणत. आता शेकडो माणसांनी तो फोटो पाहिला असणार आणि पाहून हात मागे घेतला असणार. काय लिहिणार? जे लिहायचं होतं ते आम्हीच पुसायला लावलं होतं, आणि जे लिहिणं शक्य होतं ते लिहायला कोणाचा हात धजत नव्हता.

तासाभराने आत्यांचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज.

"रोहिणी, नेट गेलंय का गं गावात?"

"नाही. का?"

"मी सुहासचा फोटू टाकलाय. कुणीच काय बोलंना. रणजित न्हाई, ती दिपाली न्हाई, कुणीच न्हाई." त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "एवढी पोरं त्याची. एकाला पण दोन शब्द लिवावंसं वाटू नयेत? का काय दुसरं हाय, रोहिणी? काय झालंय का?"

"काही झालं नाही. सकाळची वेळ आहे, लोक कामात असतील."

"लॉकडाऊन हाय," आत्या म्हणाल्या. "कसलं काम?"

मागून सिस्टरचा आवाज आला, आजी, बोलू नका, आकडा खाली चाललाय. फोन बंद झाला.

मी रणजितला फोन लावला. तो ड्यूटीवर होता, नाक्यावर. गाड्या अडवल्याचे आवाज येत होते.

"आजींची पोस्ट पाहिलीस?"

"पाहिली."

"काहीतरी लिही."

"काय लिहू?" त्याचा आवाज चढला. "तुम्हीच सांगा काय लिहू! सर गेल्याचं लिहिलं, ते काढायला लावलंत. आता सर बरे व्हा म्हणून लिहू? माझ्या हातानं? मॅडम, मी ज्या दिवशी मेडल घेतलं त्या दिवशी सुद्धा सरांशी खोटं बोललो नाही."

"सरांशी नाही बोलायचंय. त्यांच्या आईशी बोलायचंय."

"मला जमणार नाही."

"रणजित, तिथे कोणी काही लिहीत नाहीये हेच त्यांना सांगतंय. तुमच्या गप्प बसण्यातून कळतंय त्यांना. श्वास लागलाय. कळतंय का तुला मी काय म्हणतेय ते?"

पलीकडे कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. तो म्हणाला, "थांबा." फोन चालूच होता. मी तो स्पीकरवर टाकला आणि त्यातच ती पोस्ट उघडून धरली.

फोटोखाली एक ओळ उमटली. 'लवकर बरे व्हा, सर. मैदान वाट बघतंय.'

"झालं?" फोनमधून रणजितने विचारलं. तो रडत होता आणि रस्त्यावर उभा होता.

"झालं," मी म्हणाले.

मग कशाचा तरी बांध फुटावा तसं झालं. त्याने पोरांना काय सांगितलं मला माहीत नाही. कदाचित काहीच सांगितलं नसेल, त्याची ओळ पाहूनच त्यांना समजलं असेल. दिपालीने लिहिलं, 'सर, तुम्ही शिकवलंय, दम संपला की अजून तीन पावलं असतात. ती टाका.' नाशिकहून एकाने लिहिलं, 'सर, माझ्या मुलाला तुमच्याकडेच पाठवणार आहे, तयारीत राहा.' कविता लिहिणाऱ्या बाईंनी लिहिलं, मंडळाच्या अध्यक्षांनी लिहिलं. सरांनी कोणाला स्वतःचे बूट दिले होते, कोणाच्या बापाला समजवायला रात्री वस्तीवर गेले होते, कोणाला मुस्काटात मारून नंतर मिसळ खाऊ घातली होती, ते सगळं त्या ओळींखाली येत गेलं. आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच: बरे व्हा, उठा, या. जो तो जाणून होता. आधी पणतीच्या फोटोखाली यांनीच लिहिलं होतं; ते मी वाचलं होतं. तिथे सगळे सारखेच शब्द होते, अश्रू, हिरा, पोकळी. इथे मात्र एकासारखं दुसरं नव्हतं.

दुपारी आत्यांनी व्हिडिओ कॉल केला. तोंडावर तेज होतं. त्या आणि शेजारच्या खाटेवरची बाई मिळून सगळं वाचत होत्या. बाई वाचायची आणि आत्या हा कोण, कुठल्या सालातला, ते सांगायच्या. "बघ, मिसळीचं मला कधी बोलला न्हाई," त्या म्हणाल्या. "एवढ्या लोकांनी हाका मारल्यावर देवाला तरी न्हाई म्हणता यील का?"

मी म्हटलं, "नाही यायचं."

पुढच्या आठवड्यात त्यांचा ऑक्सिजन काढला आणि त्यांना घरी सोडलं. भाऊजी पुण्याहून गाडी घेऊन आले. आत्या पुढे बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "हेमंत, आधी बारामतीला घे. काचंतनं बघीन, आत न्हाई जायाची."

भाऊजींनी चावी फिरवलीच नाही. ते आरशातून माझ्याकडे पाहू लागले. आम्ही ठरवलं होतं की घरी नेऊन, डॉक्टरांना बोलावून, मग सांगायचं. ते सगळं तिथे दवाखान्याच्या फाटकात संपलं.

"आत्या," मी मागून म्हणाले, "बारामतीला आता कोणी नाही."

त्या वळल्या नाहीत. पिशवी मांडीवरून खाली पायाशी ठेवली. मग विचारलं, "कधी?"

मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या.

"म्हंजे मी फोटू टाकला तवा..."

"हो."

"आन् ती पोरं? रणजित? सगळ्यांना ठावं होतं?"

"हो."

"घरी चल," त्या भाऊजींना म्हणाल्या.

त्या रडल्या त्या त्यांच्या खोलीत, दार लावून. बाहेर आल्या तेव्हा माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पाणी हवं असलं तर भाऊजींना सांगायच्या; भाऊजी पुण्याला गेल्यावर स्वतः उठून घ्यायच्या, भिंतीला धरत. एकदाच बोलल्या. मी ताट वाढून समोर ठेवलं तेव्हा ते बाजूला सारून म्हणाल्या, "माझ्या लेकाचं मरण साऱ्या गावात वाटून खाल्लंत. आईला कण ठेवला न्हाईत." डॉक्टर, ऑक्सिजन, हे सगळं मला पाठ होतं, पण ते त्यांनाही माहीत होतं.

आता कोणी काही लिहायला हरकत नव्हती. रणजितने पुन्हा एक फोटो टाकला, पणती न लावता. त्याखाली थोड्या लोकांनी हात जोडले. मे महिना होता. लोकांच्या फोनवर आता दुसरे फोटो होते, दुसरी नावं होती. कोणाला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं.

निर्बंध उठले, माणसं दारात येऊ लागली, तरी आमच्या दोघींमध्ये तसंच चाललं होतं. मला आठवतं, ज्येष्ठ संपत आला होता. दुपारची मी मागच्या पडवीत धुणं वाळत घालत होते.

"रोहिणी."

मला वाटलं भास झाला. मी हातातला टॉवेल तसाच घेऊन आत गेले. आत्या खाटेवर बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात फोन. त्यांनी तीच पोस्ट उघडली होती. बहुधा त्या रोज दुपारी ती उघडत असाव्यात. मला कळायला मार्ग नव्हता.

"हे खाली, लई खाली लिवलंय. हे नाव तुझंच हाय का?"

मी पाहिलं. "माझंच आहे."

"वाच."

"तुम्ही वाचलंय ना."

"तू वाच."

मी वाचलं. "'अहो, लवकर घरी या.'"

आत्यांनी चष्मा काढला. "हे कधी लिवलंस?"

"तुम्ही फोटो टाकला त्याच दिवशी. संध्याकाळी."

"मला दावायला?"

"नाही. सिस्टर म्हणाल्या होत्या, तुम्ही झोपलाय. आणि तोवर इतकं लिहून आलं होतं, की माझं तुम्हाला दिसणारही नव्हतं."

"तू तर जाळून आली हुतीस त्याला."

"हो."

"मग?"

त्या संध्याकाळी मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचत गेले होते. बरे व्हा, उठा, या. शेकडो माणसं एकाच आवाजात सांगत होती, आणि वाचता वाचता कधीतरी मला ते आत्यांसाठी आहे हे विसरायला झालं. एवढंच झालं होतं. पण ते सांगण्याआधीच, जे रडू एप्रिलपासून आलं नव्हतं ते आलं. मी टॉवेल तोंडावर धरून तिथेच जमिनीवर बसले.

आत्या खाटेवरून उतरल्या. त्यांचा गुडघा दुखतो, त्यांना खाली बसवत नाही; तरी त्या खाटेचा पाया धरून माझ्या शेजारी फरशीवर बसल्या. त्यांनी मला जवळ घेतलं नाही की डोळे पुसले नाहीत. मी थांबेपर्यंत थांबल्या.

"शेवटाला तू हुतीस तिथं?" त्यांनी विचारलं.

"काचेच्या बाहेर होते."

"मला अजून कुणी काय सांगितलंच न्हाई. गेला एवढंच सांगितलं." त्यांनी फोन खाटेवर पालथा टाकला. "कसा गेला ते सांग. पहिल्यापासनं सांग. मी हाय हितं."

सुहास कसे गेले हे मीही तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

"त्या सकाळी त्यांनी डोळे उघडले होते, आत्या," मी म्हणाले.

"उघडले हुते?"

"हो. काचेकडे बघितलं त्यांनी."

"मग?" आत्या म्हणाल्या. "मग काय झालं?"